फोटोत आहे ते फूल माझ्याकडे नाही

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात वडिलांचं फुलांचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. दुकान मूळचं हार, गजरे, वेण्या आणि लग्नाच्या गाड्या सजवण्याचं. तीन वर्षांपूर्वी ताईंनी बुके सुरू केले आणि एका ऑनलाइन कंपनीशी जोडून घेतलं. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, परदेशात राहणारी मुलं कंपनीच्या साइटवर चित्र बघून पैसे भरतात. कंपनी ते चित्र, पत्ता आणि वेळ ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवते. मागच्या महिन्यात गावातल्या एका आजी-आजोबांच्या लग्नाच्या ५० व्या वाढदिवसाची ऑर्डर संध्याकाळी ७ वाजता आली. पोचवायची होती दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता. चित्रात काचेच्या भांड्यात फिकट गुलाबी हायड्रेंजिया, निळे ऑर्किड आणि पांढरं लिलियम (मोठी लिली) होतं. यातलं एकही फूल दुकानात नव्हतं. ताईंनी गुलाबी डच गुलाब, पांढरं कार्नेशन, जांभळं ॲस्टर आणि जिप्सीची बारीक पांढरी फुलं घालून बुके केला. आजींनी तो हातात घेऊन वास घेतला, ताईंना बसवून चहा पाजला. रात्री परदेशातल्या मुलाने तो व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि बुकेला लावलेल्या दुकानाच्या स्टिकरवरच्या नंबरला फोन करून विचारलं, "चित्रातलं एक तरी फूल यात आहे का?" त्याने तक्रार केली, कंपनीने ताईंचे सगळे पैसे कापले. वडील म्हणतात, "बंद कर हे, आपल्याला गावचे हार पुरे." नवरा म्हणतो, "फोटो तो फोटोच असतो, सगळे असंच करतात." ताई विचारतात : मी त्या मुलाला फसवलं का? या ऑर्डरी घेऊ की सोडून देऊ?

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय, "आजी खूश होत्या, मग माझं चुकलं कुठे?" तिथूनच सुरुवात करते. आजी खूश होत्या यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण या कामात फुलं घेणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा असतो. दुकानात समोर उभं राहणारं गिऱ्हाईक वास घेतं, दोन फुलं बदलायला लावतं, दहा रुपये कमी करून मागतं आणि समाधानाने जातं. परगावच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याजवळ फक्त चित्र असतं, म्हणून तो चित्र धरून बसतो. त्याचं ते चुकत नाही. कोण जाणे, आईच्या माहेरच्या अंगणात लिली होती म्हणून त्याने तेच चित्र निवडलं असेल. तुम्हाला ते कळायला मार्ग नव्हता. कंपनीने विचारायची सोय ठेवली नव्हती आणि तुम्हीही विचारलं नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देते. फुलं बदलली, ही फसवणूक नाही. न सांगता बदलली, ही चूक आहे, आणि त्या चुकीत कंपनीचा वाटा तुमच्याहून मोठा आहे. संध्याकाळी ७ ते सकाळी ११ म्हणजे हातात सोळा तास होते. एक निरोप त्यात सहज गेला असता.

आता त्या चित्राबद्दल बोलू. पत्रभर तुम्ही असं धरून चालला आहात की तसा बुके कुठेतरी खरोखर होतो आणि तुम्ही तो करायला कमी पडलात. मला हेच पटत नाही. अशी चित्रं स्टुडिओत काढतात. डच गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या बोटांनी उलट्या वळवून फूल मोठं दाखवतात. सगळी फुलं पुढच्या बाजूला लावतात, मागची बाजू मोकळी असते. बुके झाल्या झाल्या पाच मिनिटांत फोटो निघतो, त्याला स्कूटरवरून कुठे जायचं नसतं. हल्ली तर संगणकाने तयार केलेल्या चित्रांत अशीही फुलं दिसतात जी कुठल्याही बागेत उगवत नाहीत.

आणि चित्रातलं फूल खरं असलं तरी ते तुमच्या गावात असेल असं नाही. हायड्रेंजिया थंड हवेचं झाड, आपल्याकडे ते निलगिरीसारख्या डोंगरी भागातून मोठ्या शहरांच्या बाजारात येतं आणि पाणी तुटलं की लगेच मान टाकतं. बाजारात मिळणारं निळं ऑर्किड बहुतेक वेळा पांढऱ्या ऑर्किडला रंग पाजून केलेलं असतं. लिलियम मिळेल, पण पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ते दहा काड्यांच्या गड्डीने घ्यावं लागतं. जरबेराही दहाच्या गड्डीने, डच गुलाब वीसच्या. चित्रात लिलियमच्या तीन काड्या आहेत. उरलेल्या सात काड्या तुमच्या गावात कोण घेणार? पुण्यातल्या दुकानदाराच्या त्या संध्याकाळपर्यंत खपतात, तुमच्या बादलीत त्या आठवडाभर उभ्या राहून फेकल्या जातात. त्यात पहाटे पुण्याहून निघालेला माल तुमच्याकडे येणार, दांड्या तिरप्या छाटून चार-पाच तास पाण्यात उभा राहणार आणि मग बुकेत बसणार. अकराची वेळ त्यात बसतच नाही. तालुक्याच्या दुकानाची ही अडचण शहरात बसून साइट चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसली तरी त्याला तिची झळ नाही.

तुमच्याच पत्रातले आकडे कागदावर मांडून बघा. गिऱ्हाइकाने भरले २,४९९ रुपये. तुम्हाला मिळणार होते १,४००, पोच धरून. काचेचं भांडं ३५०, पोचवायचे १५०. राहिले ९००. तुमच्या हाताचे २५० धरले (धराच, पत्रात तुम्ही ते धरलेलेच नाहीत) तर फुलांना उरतात ६५०. तुम्हीच लिहिलंय की चित्रातली फुलं मिळाली असती तरी १,३०० च्या खाली आली नसती. म्हणजे बरोबर निम्मी. हे चित्र या पैशात होणार नाही, हे ऑर्डर येण्याआधीच ठरलेलं होतं. तुमच्या हातात कसब कमी आहे म्हणून नव्हे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र सोडून द्या. "फोटो तो फोटोच" हे बोलायला सोपं असलं तरी कायद्यातही बसत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. साइटवरचं वर्णन आणि चित्र मालाच्या प्रत्यक्ष रूपाशी आणि दर्जाशी जुळलं पाहिजे, असं त्यात आहे. तक्रार आली की साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी फुलं मागवून असा अनुभव घेतला असेल तर त्यांनी आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं, तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. गावातल्या दुकानदाराला शिव्या देऊन काही निघत नाही, कारण चित्र त्याने लावलेलं नसतं.

यातून एक प्रश्न निघतो, तो तुमच्या पत्रात नाही. कंपनीने तुमचे १,४०० कापले. मग त्या मुलाला त्याचे २,४९९ परत मिळाले का? हे कंपनीला लेखी विचारा. परत मिळाले असतील तर निदान हिशेब तरी लागला. मिळाले नसतील, तर तुमची फुलं, तुमची मेहनत आणि त्याचे पैसे, तिन्ही एकाच ठिकाणी जमा झालं आहे. मग अशा कंपनीबरोबर काम करायचं का, हा विचार फार वेळ करावा लागणार नाही.

वडिलांचं ऐकावं का? त्यांच्या बोलण्यात मला तुमच्याविषयीची काळजी दिसते. आयुष्यभर ज्या माणसाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फुलं मोजून दिली, त्याला न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा राग झेपत नाही. पण परगावची ऑर्डर ही काही इंटरनेटने आणलेली भानगड नाही. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० साली एकत्र येऊन तारेने ऑर्डरी एकमेकांकडे पाठवायला सुरुवात केली. या गावच्या दुकानात पैसे भरायचे, त्या गावच्या दुकानाने फुलं पोचवायची. तारेतून चित्र जात नसे. शब्द जात, आणि पलीकडच्या दुकानदाराच्या हातावर विश्वास ठेवावा लागे. तो विश्वास दुकानादुकानांत होता, कारण आज मी तुझी ऑर्डर करतो, उद्या तू माझी करशील. आता मध्ये जो बसला आहे त्याच्याकडे ना बादली आहे, ना कात्री. त्यामुळे काम सोडू नका, पण ते ज्या अटींवर चाललंय त्या बदला.

कंपनीला एक मेल लिहा. त्यांच्या साइटवर तुमच्या पिनकोडला किती चित्रं दिसतात ते पत्त्यात तुमचंच गाव घालून बघा. पन्नास-साठ निघतील. त्यातली जी तुम्ही वर्षभर, सांगितलेल्या पैशात, निम्म्या दिवसात करू शकता ती निवडा. माझ्या अंदाजाने सहा-सात भरतील : जरबेराची, डच गुलाबाची, कार्नेशनची, शेवंतीची, एखादी निशिगंधाच्या काड्यांची. बाकीची आमच्या गावासाठी बंद करा, असं सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही त्या ऑर्डरी नाकारू शकता. तुम्हाला भीती आहे की नाही म्हटलं तर ऑर्डरी बंद होतील. होतील काही. पण १,४०० मध्ये २,४९९ चं चित्र करायचं आणि वर सगळे पैसे गमवायचे, अशा दहा ऑर्डरी येण्यापेक्षा तीन आलेल्या बऱ्या.

फूल बदलावं लागणारच, ते टळत नाही. फुलवाले ज्या क्रमाने बदलतात तोच धरा : रंग आधी, मग आकार, मग जात. फिकट गुलाबी गेलं तर फिकट गुलाबीच यावं. गोल भरगच्च फुलाच्या जागी गोल भरगच्च फूल यावं, म्हणजे हायड्रेंजियाच्या जागी मोठी शेवंती चालेल, उंच काडीचं ग्लॅडिओ चालणार नाही. उंच काडीच्या जागी उंच काडी. भांडं बदलू नका, लोकांना ते ठेवून द्यायचं असतं. संख्या कमी करू नका. आणि गिऱ्हाइकाने फुलाचं नाव घेतलं असेल, "आईला लिलीच हवी" असं लिहिलं असेल, तर न विचारता अजिबात बदलू नका. विचारता आलं नाही तर ऑर्डर परत करा.

विचारायचं कसं, तर असं :

"नमस्कार. तुमच्या आई-बाबांच्या बुकेचं काम आमच्या दुकानात आलं आहे. चित्रातले हायड्रेंजिया आणि निळे ऑर्किड आमच्या गावात मिळत नाहीत. त्याऐवजी गुलाबी डच गुलाब आणि जांभळं ॲस्टर घालते. रंग जवळचेच राहतील. चालेल का, रात्री १० पर्यंत कळवा. नको असेल तर ऑर्डर परत करते."

कंपनी गिऱ्हाइकाचा नंबर देत नसेल तर हाच निरोप कंपनीला पाठवा आणि लेखी होकार आल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. होकाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. बुके तयार झाला की घराबाहेर पडण्याआधी दारातल्या उजेडात त्याचा समोरून आणि बाजूने फोटो काढून पाठवा. रात्री व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघायला मिळणं आणि सकाळी दुकानातूनच बघायला मिळणं, यात फार फरक पडतो. आईने फोन धरला की बुके अर्धा पडद्यामागे, ट्यूबलाइटखाली गुलाबी फूल करडं दिसतं. त्या मुलाने जे पाहिलं ते तुम्ही केलेल्या बुकेपेक्षा नक्की वाईट दिसलं असणार.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझा भाऊ परदेशात असतो. आईच्या ७५ व्या वाढदिवसाला त्याने साइटवरून लिलियम पाठवलं. चित्रात सगळी फुलं उमललेली, परागाचे तपकिरी तुरे दिसणारी. दारात आल्या त्या हिरवट, लांबट, घट्ट मिटलेल्या कळ्या. आई म्हणाली, "अगं, याने शेंगा पाठवल्यात का?" भावाला फोटो गेला आणि तो चिडला, दुकानाला वाईट रेटिंग देऊन मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आई देवाची फुलं काढायला उठली तर अख्खी बैठकीची खोली वासाने भरलेली. पाचही कळ्या उमलल्या होत्या, पुढचे चार-पाच दिवस टिकल्या. दुकानदाराने अगदी बरोबर माल दिला होता. लिलियम कळीतच द्यायचं असतं, उमललेलं दिलं तर वाटेत पाकळ्या काळवंडतात. फक्त भांड्याला एक चिठ्ठी हवी होती : "कळ्या दोन-तीन दिवसांत उमलतील. पाणी रोज बदला, फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका." तेवढी चिठ्ठी नसल्यामुळे एका चांगल्या माणसाच्या दुकानाचं नाव खराब झालं. तुम्ही ही चिठ्ठी छापून घ्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. वाचणारे डोळे बहुतेक म्हातारे असतात.

काही दिवस या ऑर्डरी घेऊच नका. गणपती, दसरा आणि लग्नाच्या मोठ्या तिथींना तुमचं दुकान गावचंच काम संपवू शकत नाही. १४ फेब्रुवारीला गुलाबाचा भाव खूप चढतो, आणि कंपनीकडून तुम्हाला मिळणारा वाटा तोच राहतो. मे महिन्यातला मदर्स डे तर लग्नसराईत आणि भर उन्हात येतो. दुपारी १२ ते ४ पोच देणार नाही, असं त्या महिन्यात सरळ लिहून टाका. स्कूटरवर चाळीस अंशात जरबेराची मान अर्ध्या वाटेतच वाकते.

एका प्रकारच्या ऑर्डरीत मात्र मी तुम्हाला चुकायची मोकळीक देणार नाही. घरात कुणी गेलेलं असतं आणि लांब असलेलं माणूस येऊ शकत नाही म्हणून फुलं पाठवतं. तिथे चित्र बाजूला ठेवा आणि पाठवणाऱ्याशी बोलल्याशिवाय काम घेऊ नका. कंपनी बोलू देत नसेल तर घेऊच नका. त्या घरी हार चालेल की फुलं सुटी हवीत, पांढराच रंग हवा का, तेराव्याला द्यायची की आजच, हे परदेशातल्या माणसाला ठरवता येत नाही आणि साइटवर विचारलेलंही नसतं. तुम्हाला गाव माहीत आहे. तिथे तुमच्याइतकं उपयोगी कुणी नाही.

आता त्या मुलाचं काय करायचं. त्याचा नंबर तुमच्याकडे आहे. एकदाच लिहा, थोडक्यात. फुलं कमी दर्जाची होती असं म्हणू नका, कारण ती तशी नव्हती. "चित्रातली फुलं आमच्या गावात मिळत नाहीत हे मी तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. ते केलं नाही, माफ करा. पुढे कधी आई-बाबांना फुलं द्यावीशी वाटली तर थेट मला सांगा, आज दुकानात काय आहे त्याचा फोटो पाठवीन." एवढंच. आजी खूश होत्या, चहा दिला, हे त्याला पटवायला जाऊ नका. आणि आजींना मध्ये घालू नका. आपल्यासाठी आणलेल्या फुलांवरून मुलाने भांडण केलं हे त्यांना कळलं तर त्यांना त्याचंच वाईट वाटेल.

तो उत्तर देईल किंवा देणार नाही. पण "थेट मला सांगा" हे वाक्य तुम्ही पुढे सगळ्यांनाच म्हणू शकाल, आणि मला वाटतं तुमचा रस्ता तिकडे जातो. तुमच्या गावातून बाहेर गेलेली मुलं किती असतील? शाळेच्या एखाद्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या दुकानाचे पाच फोटो गेले तरी वर्षाच्या ऑर्डरी निघतील. फोटो तुमचे, फुलं तुमची. सकाळच्या उजेडात, मागे पांढरी चादर, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवा म्हणजे बुके केवढा आहे ते कळेल. खाली लिहा : १२ डच गुलाब, ५ कार्नेशन, जिप्सी, काचेचं भांडं, गावात पोचवून इतके. आणि एक ओळ : "त्या दिवशी एखादं फूल मिळालं नाही तर आधी विचारू." पावसाळ्यात वेगळे फोटो, हिवाळ्यात वेगळे. २,४९९ मधले मधल्याने ठेवलेले ते १,०९९ मग फुलांत जातील.

आणखी एक. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आपल्याकडे काय करतात? आजी-आजोबांना शेजारी बसवून एकमेकांना हार घालायला लावतात. निशिगंधाचे दोन हार, मध्ये गुलाबाचं पदक, आजींना मोगऱ्याचा गजरा. त्या साइटवर हे चित्र आहे का, जरूर बघा. मला तरी अशा साइटवर ते कधी दिसलेलं नाही, आणि परदेशातल्या त्या मुलाला हे मागवता येतं हेच माहीत नसणार. तुमच्या वडिलांच्या हातातून असे किती हार गेले असतील. त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवून दोन हार करून घ्या. पहिला फोटो त्यांचा काढा आणि खाली दर तुमचा लिहा.